‘त्या काळी तसंच होतं’ म्हणजे नक्की कुणाच्या काळी?

गेल्या दिवाळीत घरातला जुना अल्बम माळ्यावरून खाली आला. काळ्या जाड पानांचा, फोटो चार कोपऱ्यांत खोचलेले. त्यात माझ्या पणजीचा एकच फोटो आहे. विधवेचं आलवण नेसलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेला, आणि पदराखाली केस नाहीत हे फोटोतही कळतं. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा तिच्या कडेवर दोन वर्षांचे माझे आजोबा होते. कॉलेजात जाणारी भाची फोटो बघून म्हणाली, “हा सरळसरळ छळ आहे.” त्यावर माझ्या चुलतभावानं नेहमीचं उत्तर दिलं : “आजच्या फूटपट्टीनं तो काळ मोजायचा नसतो. नीती ही समाज ठरवतो, काळाप्रमाणे बदलते. त्या काळी तसंच होतं.” सगळ्यांनी माना डोलावल्या, चकलीचा डबा फिरला, विषय मिटला. अर्ध्या तासानं भाचीच्या एका मैत्रिणीच्या आंतरजातीय लग्नाची गोष्ट निघाली, तेव्हा हाच चुलतभाऊ म्हणाला, “काही झालं तरी चूक ती चूकच.” पणजीच्या केसांपुरती नीती कालसापेक्ष, आणि पोरींच्या लग्नापुरती त्रिकालाबाधित!

तो एकटा असता तर घरातल्या घरात हसून सोडून दिलं असतं. पण नीती वस्तुनिष्ठ की समाजानं घडवलेली, हा वाद आपल्याकडे जिथे जिथे होतो तिथे तो असाच होतो. मागच्यांना माफ करायचं असेल तेव्हा सापेक्षतावाद काढायचा आणि पुढच्यांना दटावायचं असेल तेव्हा सनातन मूल्यं. तत्त्वज्ञान दारामागे काठीसारखं ठेवलेलं असतं. हवी ती काठी हवी तेव्हा. दुसऱ्या बाजूचं वागणंही फारसं बरं नाही. “मी त्या काळात असतो तर असं होऊच दिलं नसतं,” असं फोनवर अंगठा फिरवत म्हणणाऱ्यांना इतिहासही कळलेला नसतो आणि स्वतःचा भित्रेपणाही.

माझं म्हणणं असं. नीती आपण समाजाकडून शिकतो, तिचे शब्द, तिच्या सवयी, तिची लाजलज्जा सगळं समाजाचं. पण अमुक गोष्ट योग्य की अयोग्य, हे समाजाच्या मान्यतेनं ठरत नाही. समाज चुकू शकतो. अख्खाच्या अख्खा समाज, एकमतानं, शतकानुशतकं चुकू शकतो. पाढे आपण शाळेतच शिकलो, छड्या खाऊन शिकलो, म्हणून बे दुणे चार हे मास्तरांनी ठरवलं असं कोणी म्हणत नाही.

हे नाकारलं तर काय होतं ते पाहा. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुण्यात लग्न केलं. कोकणातल्या मुरुडला ही बातमी पोचल्यावर गावानं बहिष्कार घातला. त्याचा जाच कर्व्यांपेक्षा गावात राहणाऱ्या त्यांच्या आईला आणि भावाला जास्त झाला. पासष्ट वर्षांनी, १९५८ साली, वयाची शंभरी गाठलेल्या याच कर्व्यांना भारतरत्न मिळालं. आता नीती म्हणजे समाजाचा निर्णय एवढंच असेल, तर १८९३ साली कर्व्यांचं वागणं अनीतीचं होतं आणि १९५८ साली नीतीचं झालं असं म्हणावं लागेल. तेच लग्न, तीच दोन माणसं. मग बदललं काय? मधल्या काळात समाजाला काहीतरी कळलं, असं आपण सहज म्हणतो. पण ‘कळलं’ हा शब्दच इथे घात करतो. जे आधीपासून असतं तेच कळतं. नीती ही नुसती फॅशन असेल, तर नऊवारी जाऊन सहावारी आली तसं विधवेचं लग्न ‘आलं’ एवढंच म्हणता येईल. त्यात सुधारणा कसली? आपण सुधारक हा शब्द वापरतो तेव्हा आधीचं काहीतरी बिघडलेलं होतं हे मान्य केलेलं असतं. एकीकडे कर्व्यांच्या पुतळ्याला हार घालायचा आणि दुसरीकडे ‘नीती समाज ठरवतो’ म्हणायचं, हे दोन्ही एकाच तोंडानं जमत नाही. त्यांच्याच मुलाचं, रघुनाथरावांचं, उदाहरण तर आणखी बोचरं आहे. संततिनियमनाचा प्रचार केल्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, अश्लीलतेचे खटले अंगावर आले. पुढे सरकारनंच कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर रंगवला. समाजाचा निकाल हाच नीतीचा निकाल असेल, तर प्रत्येक सुधारक व्याख्येनंच अनीतिमान ठरतो, निदान मरेपर्यंत तरी.

आता ‘त्या काळी’कडे वळू. हा शब्दप्रयोग इतका गुळगुळीत झालाय की त्यातली लबाडी हाताला लागत नाही. त्या काळी म्हणजे कुणाच्या काळी? १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन आम्ही यापुढे करणार नाही असं ठरवलं. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा, कामगार चळवळीतले सत्यशोधक. ज्यांच्या हातात वस्तरा होता, ज्यांना त्याचे पैसे मिळत होते, त्यांनाच हे पाप वाटत होतं. माझ्या पणजीचा तेव्हा नुकताच जन्म झाला होता. म्हणजे तिच्या डोक्यावर वस्तरा फिरण्याच्या कितीतरी आधी ‘त्या काळा’नं स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष दिली होती. १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी बुलढाण्याहून पुरुषांना जे खडे बोल सुनावले, तेही त्या काळीच. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम १८८७ साली मुंबईच्या हायकोर्टानं दिल्यावर तुरुंग पत्करीन म्हणणारी रखमाबाईही त्याच काळातली. आणि मागे जायचं तर किती मागे जाता? देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा झाला तो कोण, असा प्रश्न चोखोबांच्या सोयराबाईनं चौदाव्या शतकात विचारून ठेवलाय. तिला विसाव्या शतकाची फूटपट्टी कुणी नेऊन दिली होती?

दिवाळीनंतर आत्याला भेटायला गेलो होतो. ती आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. पणजीला पाहिलेली घरातली ती एकटीच उरली आहे. मी फोटोचा विषय काढला. ती म्हणाली, “न्हावी यायचा त्या दिवशी ती पहाटेच उठून परसदारी गोठ्यामागं जाऊन बसायची. आम्हा पोरांना तिकडे फिरकू द्यायची नाही. मग विहिरीवर अंघोळ, आणि दिवसभर पोटात काही नाही. जेव म्हटलं की सांगायची, आज एकादस आहे. कुठली रे एकादस? महिन्यात हिला तीन-तीन, चार-चार एकादशा यायच्या!” पणजीनं कधी तक्रार केली नाही, हे आमच्या घरात कौतुकानं सांगितलं जातं. त्या काळी तसंच होतं या वाक्यात तिच्या त्या जादा एकादशा कुठे बसतात? समाजाचं मत म्हणून जे आपल्यापर्यंत येतं ते बहुतेक वेळा, ज्यांना बोलायची मुभा होती त्यांचं मत असतं. गोठ्यामागे बसलेली बाईही त्याच समाजातली आणि त्याच काळातली होती. सापेक्षतावाद वरवर फार नम्र वाटतो, आपण कोण दुसऱ्याला नावं ठेवणारे असा त्याचा आव असतो. पण त्याची नम्रता नेहमी ओटीवर बसलेल्यांपुढेच वाकते.

विरोधी बाजूचं बळ मात्र कमी लेखून चालणार नाही. पहिला मुद्दा विविधतेचा. माणसं इतक्या वेगवेगळ्या रीतींनी जगतात की एकच नीती सगळ्यांना लागू म्हणणं हास्यास्पद वाटतं. मुंबईचंच बघा. चंदनवाडीत प्रेताला अग्नी देतात, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात दफन होतं आणि मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी आपला मृत गिधाडांसाठी ठेवत आले. यातलं बरोबर कोणतं? हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही, हे मला मान्य आहे. पण याच तिन्ही ठिकाणच्या कुणालाही सांगा, की अमक्याचं प्रेत गटारात फेकून दिलं. तिघांच्याही अंगावर काटा येईल. रीती तीन, त्यांच्यामागची बूज एक. भात खायचा की भाकरी, हा प्रांताचा प्रश्न आहे. म्हणून कुपोषण हाही प्रांताच्या आवडीनिवडीचा प्रश्न होत नाही. नीतीतला बराच मोठा भाग भात-भाकरीसारखा आहे हे मी आनंदानं कबूल करतो. कपडे, सण, मान द्यायच्या पद्धती, कुणी कुणाच्या पाया पडावं, यांत वस्तुनिष्ठ काही शोधू नये. घोटाळा होतो तो हा भाग दाखवून उरलेला सगळा त्याच पोत्यात भरला जातो तेव्हा.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि मला तो बराच काळ पटतही होता. ‘सर्व मानवजातीची नीती’ हे साम्राज्याचं आवडतं हत्यार आहे. इंग्रजांनी स्वतःच्या देशातली लाजलज्जा इथे कायदा म्हणून आणली. दंडविधानाचं ३७७ कलम १८६० चं. ते समलिंगी संबंधांच्या मानगुटीवरून उतरायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. १८७१ च्या कायद्यानं तर जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे मुंबई इलाख्यातही पारध्यांसारख्या कितीतरी जमातींना त्या कायद्याखाली आणलं, हजेऱ्या लावल्या, सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी केली, आणि हे सगळं त्यांना ‘सुधारण्यासाठी’! गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडता, धर्मसमीक्षण सभा, म्हणजे पोर्तुगिजांचं इन्क्विझिशन, चालली. बाटलेल्याच्या दारात तुळस आहे का हे पाहणाऱ्या तिच्या अधिकाऱ्यांना आपल्याकडे वस्तुनिष्ठ, ईश्वरदत्त नीती असल्याची पक्की खात्री होती. खात्रीच्या पोटी इतकी क्रूरता जन्मते, तर नको ती वस्तुनिष्ठता, असं कुणी म्हटलं तर त्याला उडवून लावता येणार नाही.

पण हा आक्षेप उभा कशावर आहे, ते तपासा. पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवणं चूक होतं, असं आपण म्हणतो ते कुणाच्या नीतीनं? तो कायदा करणाऱ्यांच्या समाजात तो शहाणपणाचा मानला जात होता. इथल्या गावोगावच्या प्रतिष्ठितांनाही तो पटत होता, हे सांगायला आपण लाजतो इतकंच. नीती समाज ठरवतो असं धरलं, तर साहेबाच्या समाजानं ठरवलं, विषय संपला. तक्रारीला जागाच उरत नाही. साम्राज्यशाहीविरुद्धचा राग हा माणसाला असं वागवणं चूक आहे, कुठल्याही समाजाला काहीही वाटो, या पायावरच उभा राहतो. आणि गोव्यातल्या त्या अधिकाऱ्याची चूक ‘सत्य आहे’ म्हणण्यात नव्हती, ‘ते माझ्या खिशात आहे’ म्हणण्यात होती. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सत्य माझ्याबाहेर आहे असं मानणाऱ्यालाच स्वतः चुकल्याची भीती वाटू शकते. ज्याच्या लेखी समाज म्हणेल तेच बरोबर, त्याचा समाज चुकणार तरी कसा?

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. ही वस्तुनिष्ठ नीती असते कुठे? दगड उचलून दाखवता येतो, ताप थर्मामीटरनं मोजता येतो. अन्याय कशानं मोजायचा? मला दाखवता येणार नाही, हे उघड आहे. पण मोजमाप ओबडधोबड आहे म्हणून मोजायची वस्तूच नाही, असं होत नाही. जुन्या काळी पायली गावागणिक वेगळी असायची, आणि कुळाकडून घ्यायची एक, द्यायची दुसरी, असेही सावकार होते. म्हणून कणगीत जोंधळाच नव्हता असं कुणी म्हणालं का? उलट, माप खोटं आहे अशी ओरड होते तीच मुळी आत खरं धान्य आहे म्हणून. नीतीच्या बाबतीत आपली मापं अजून पायलीच्याच काळातली आहेत. तरी एक कसोटी मला बऱ्यापैकी भरवशाची वाटते. जी रीत आहे, तिची किंमत कोण मोजतं, आणि त्याला भीती न घालता विचारलं तर तो काय म्हणेल?

डॉ. आंबेडकरांनी धम्माविषयी लिहिताना जे मांडलं ते मला या वादात सगळ्यात उपयोगी वाटतं, आणि नवल म्हणजे ते फारसं कुणी पुढे आणत नाही. नीती चोरांमध्येही असते, ते म्हणतात. व्यापाऱ्यांत असते, जातभाईंत असते, दरोडेखोरांच्या टोळीतही असते. पण ती आपल्या गटाचं हित राखणारी, इतरांना बाहेर ठेवणारी नीती. म्हणूनच ती समाजविरोधी. नुसती नीती पुरत नाही, ती सर्वांना सारखी लागू असावी लागते. ‘नीती समाज ठरवतो’ म्हणणाऱ्याला हा प्रश्न विचारायलाच हवा : समाज म्हणजे कोण? जातपंचायत? तिलाही आपण नीतीच राखतो आहोत असं वाटत असतं. वाळीत टाकलेल्या घराशी कुणी बोलायचं नाही, त्यांच्या मयताला खांदा द्यायचा नाही, हा तिच्या लेखी सदाचारच आहे. महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली. हा कायदा म्हणजे एका समाजाची नीती दुसऱ्या समाजाच्या नीतीवर लादणं एवढंच असेल, तर वाळीत टाकणारे आणि वाळीत पडलेले यांच्यात आपण निवड तरी कशी करणार? नाणं उडवून?

एक गोष्ट चुलतभावाच्या बाजूनंही म्हणायला हवी, कारण त्याच्या वाक्यात एक खरा धागा आहे. त्यालाच तो नीट सापडलेला नाही. कृत्य चूक असणं आणि माणूस दोषी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पणजीच्या सासऱ्यांनी न्हाव्याला बोलावलं. न बोलावते तर घरावर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं असतं, नातवाच्या मुंजीला भटजी मिळाला नसता. त्यांना मी राक्षस म्हणणार नाही; त्यांच्या जागी मीही बहुधा तेच केलं असतं, हे लिहितानाही मला ओशाळं वाटतं. काळ माणसाच्या दोषाचं वजन कमी करू शकतो. पण वस्तरा वस्तराच राहतो. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात हा फरक मोठमोठ्या माणसांच्या लक्षात होता. विवाहितेसाठीही शरीरसंबंधाच्या संमतीची दहाची मर्यादा कायद्यानं बारावर न्यायची की नाही, यावरून पुणं पेटलं. टिळक विरोधात होते, हे आज सगळ्यांना माहीत असतं. पण मुलींची लग्नं सोळाच्या आत आणि मुलग्यांची विसाच्या आत करू नयेत, असं आपखुषीनं बंधन घ्यायचा मसुदाही टिळकांनीच पुढे ठेवला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणजे भांडण बरंचसं अधिकाराचं होतं : परक्या सरकारनं आमच्या घरात हात घालावा का? चिमुरड्या पोरींची लग्नं लावणं योग्य आहे असा त्यांचा दावा नव्हता. आपण आज मागे वळून ‘त्यांची नीतीच वेगळी होती’ म्हणतो, तेव्हा कायद्याच्या बाजूनं लढणाऱ्या आगरकरांवर अन्याय करतोच, टिळकांवरही करतो.

हे सगळं मी आत्याकडून परतताना डोक्यात जुळवत होतो. नदीकाठचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला. ओळखीच्या एकाच्या शेतात बीडकडची टोळी उतरली होती, पाचटाच्या कोप्या बांधून. गाडी थांबवली. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा इथला हिशोब. तो तोडतो, ती साळते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन ट्रॉलीपर्यंत जाते. फळीवरून मोळी चढवणाऱ्या एका बाईला सातवा महिना तरी असावा. मी मुकादमाला म्हटलं, “हिला चार दिवस बसवत का नाही?” तो काही वाईट माणूस वाटला नाही. समजुतीच्या सुरात म्हणाला, “उचल घेतलीय, साहेब. बसली की खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापावे लागतात. सगळीकडं असंच आहे, पहिल्यापासनं.” त्या बाईला मी काही विचारलं नाही. मुकादमानं पोराला पिटाळून चहा मागवला, आणि मी तो घेतला.